पाटे काढले, आता चाक कोन धरते?

पिकअपचे मागचे दोन्ही पाटे काढून भिंतीला टेकवले होते, ॲक्सलचं हाउसिंग जॅकवर उघडं पडलं होतं, तेव्हा मोठेबाबा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "मले सांग, पाटे त काढले तू. आता चाक धरून कोन ठेवते?"

चाकणला सहा वर्षं नोकरी केली, पण इतका नेमका प्रश्न तिथल्या एकाही मीटिंगमध्ये कुणी विचारल्याचं आठवत नाही.

पाट्याला आपण स्प्रिंग समजतो. पण तो वजन पेलतो, ॲक्सल पुढंमागं सरकू देत नाही, डावीउजवीकडं घसरू देत नाही, आणि क्लच सोडल्यावर हाउसिंग उलटं फिरायला बघतं तेही आवरून धरतो. लोखंडाचं एक जुडगं आणि चार कामं. त्याच्या जागी हवेचा बेलो, म्हणजे हवा भरायची रबरी पिशवी, टाकला की तो फक्त वजन उचलतो. बाकी तीन कामांच्या बाबतीत तो निव्वळ फुगा. ती कामं दांड्यांवर सोपवायची. खाली दोन, वर दोन, म्हणून फोर लिंक. त्या दांड्या किती लांबीच्या, कुठं बसवायच्या, कोणत्या तिरकसपणानं, यातच माझा अख्खा पावसाळा गेला.

आमचा संत्र्याचा बगीचा वरूडजवळ, अकरा एकर. आंबियाची तोड ऑक्टोबरात सुरू होते. कॅरेटमध्ये वीस किलोच्या आसपास माल असतो आणि पिकअपच्या हौद्याची उंची जमिनीपासून ७८० मिलीमीटर. दोन बायांनी झाडाखालून कॅरेट आणायचं आणि कमरेइतकं उचलून हौद्यात सरकवायचं. दिवसभर हेच. दुपारनंतर कुणाचीतरी पाठ धरतेच. हौदा गुडघ्याच्या जरा वर आला तर हे काम निम्मं हलकं होईल, असा माझा हिशेब होता. हे झालं घरात सांगायचं कारण. उरलेलं अर्धं कारण असं की जमिनीलगत बसलेली गाडी मला आवडते, पहिल्यापासून.

पण आमची माती काळी. पाऊस पडून गेल्यावर त्यात कायमची बसवलेली गाडी नेली तर ती नांगरच होईल. म्हणून हवा. माल भरताना हवा सोडायची, हौदा ५७० वर येतो. चालवताना ६८०. चिखल असेल तर ७४०. हे तीन आकडे शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवले होते. त्यांपैकी मधल्याचं महत्त्व मला उशिरा कळलं.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो. ही गाडी रस्त्यावर जात नाही. तिची नोंदणी केव्हाच संपली आहे, ती बगीचा ते शेड एवढंच फिरते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं आहे. शिवाय चॅसी कापून केलेलं काम घेऊन हायवेवर इतरांच्या लेकराबाळांमध्ये जाण्याची माझीही छाती नाही.

पुढचं काम सोपं होतं. टॉर्शन बारचे बोल्ट सैल करून पुढची बाजू खाली घेतली, एका दुपारचं काम. मागं चॅसीला नॉच मारला, म्हणजे ॲक्सलच्या वर चॅसी कमानीसारखी कापून ६ मिलीमीटरच्या प्लेटनं पुन्हा बांधून घेतली, नाहीतर ॲक्सल वर यायला जागाच नाही.

मग दांड्यांचा विचार. जुन्या सफारीच्या मागं वाकून बघितलं तर हीच मांडणी दिसते. खाली दोन दांड्या, वर दोन, आणि एक आडवी. ती आडवी म्हणजे पॅनहार्ड रॉड. वरच्या दोन्ही दांड्या एकमेकींकडं तिरक्या केल्या तर त्याच ॲक्सलला डावीउजवीकडं रोखतात आणि आडवी दांडी लागत नाही. मलाही आधी तोच मोह झाला, दिसायला सुटसुटीत. पण माझ्या चॅसीत मधली सगळी जागा प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरनं खाल्लेली. तिरक्या दांड्यांना पुरेसा कोन मिळाला नाही तर ॲक्सल कडेला डुलत राहतो. म्हणून सरळ चार आणि पाचवी आडवी असं ठरवलं. बुश त्याच सफारीचे, रबराचे. गाडी एका बाजूला कलते तेव्हा चारही दांड्यांना थोडी मुरड पडते, ती रबरानं खाल्ली पाहिजे. बुश कडक असतील तर ताण वेल्डिंगवर येतो.

शेडचा कोबा सपाट नाही, एका कोपऱ्यात पाणी साचतं. तेव्हा मोजमाप कशावर धरायचं? इथं गवंडी कामाला आला. त्याच्याकडून पाण्याची नळी आणली, चॅसीच्या चार कोपऱ्यांवर पाणी बघत ठोकळ्यांखाली पत्रे सारले आणि चॅसी पाण्याशी जुळवली. मग ओळंबा. चॅसीवरच्या कंपनीच्या भोकांतून ओळंबा सोडून कोब्यावर खूण, चारही खुणा दोऱ्यानं जोडल्या, मधोमध खडूची रेघ. ॲक्सलच्या दोन्ही टोकांवरूनही ओळंबे सोडले आणि पुढं त्या मधल्या रेघेवरच्या एका खुणेपासून दोन्हींची तिरकी अंतरं मोजली. पहिल्यांदा ११ मिलीमीटरचा फरक आला. ॲक्सल तेवढा वाकडा असता तर गाडी खेकड्यासारखी चालली असती. सरकवत सरकवत फरक एका मिलीमीटरवर आणला. तोवर संध्याकाळ झाली होती आणि गवंडी नळी परत मागायला दारात उभा.

आता खरा विषय. बाजूनं बघितलं तर खालच्या दांडीची रेघ पुढं वाढवायची, वरचीचीही वाढवायची. जिथं त्या मिळतात तो बिंदू म्हणजे इन्स्टंट सेंटर. तिथं प्रत्यक्षात काही नसतं, हवा असते. पण ॲक्सल त्या क्षणी जणू त्या बिंदूला बांधल्यासारखा वागतो. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून या बिंदूतून एक रेघ काढायची आणि पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर ती किती उंचीवर पोचते ते बघायचं. ती उंची गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीइतकी आली तर गाडी उचलताना, म्हणजे वेग घेताना, मागं अजिबात बसत नाही. यालाच अँटी स्क्वॉट म्हणतात, तेव्हा ते १०० टक्के. कमी असेल तर गाडी थोडी बसते. जास्त असेल तर उलट मागून उचलते.

हे मोठेबाबांना समजवायला मला मेहनत पडली नाही. बोललो तेवढ्यात ते म्हणाले, "बंडीसारखंच हाये मंग. वझं मांगं गेलं का बंडी उलाळ होते, जू वर जाते, अन बैलाच्या गयाले जोत्याचा फास बसते." अगदी तसंच नाही, पण वजन कुठं आहे आणि ओढ कुठून लागते याचंच हे भांडण आहे, हे त्यांना माझ्या आधी कळत होतं.

कागदावर काढून मला कधीच पटत नाही. मी भिंतीला लागून कोब्यावर पूर्ण मापाचं चित्र काढलं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८०० मिलीमीटर. खालच्या दांडीसाठी एक दोरा, वरच्यासाठी दुसरा, खिळ्यांना बांधलेले. खिळा हलवला की दोरे जिथं छेदतात तो बिंदू कुठून कुठं पळतो ते डोळ्यांना दिसतं. वरच्या दांडीचं पुढचं टोक २५ मिलीमीटर हलवलं तर बिंदू कितीतरी जवळ येतो, हे बघून मी हादरलोच. म्हणून चॅसीवरच्या ब्रॅकेटला एक भोक पाडायचं सोडून २५-२५ मिलीमीटरवर भोकांची रांगच पाडून घेतली. पूर्ण कामात मी दाखवलेला शहाणपणा म्हणाल तर हा एवढाच.

खालच्या दांड्या ६५० मिलीमीटरच्या, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत. चालवायच्या उंचीवर त्या जमिनीशी समांतर ठेवल्या, कारण त्या पुढं चढत्या असतील तर वळणावर गाडी कलली की मागचा ॲक्सल स्वतःच बाहेर वळायला लागतो. वरच्या आखूड, ४८० च्या, जास्त लांबीला क्रॉस मेंबर आड येत होता. जाड सीमलेस पाइप. लेथवाल्या काकांनी एका टोकाला सुलटे आणि एका टोकाला उलटे आटे पाडून दिले, म्हणजे दांडी जागेवरच फिरवून लांबी बदलता येते, मग चेक नट आवळायचा. "आटे कमी नको घेऊ," काकांनी बजावलं, "जाडीच्या दीडपट तरी आत राहू दे." पॅनहार्ड ८५० ची घेतली. ती वर-खाली कमानीत फिरते, त्यामुळे ॲक्सल कडेला सरकतोच. हवा पूर्ण सोडली की माझा ॲक्सल ११० मिलीमीटर वर येतो, तेव्हा हे सरकणं ७ मिलीमीटर. हीच दांडी ४०० ची असती तर दुप्पट झालं असतं. लांब घ्यायची आणि चालवायच्या उंचीवर आडवी सरळ ठेवायची.

मिस्त्रींनी सगळं आधी टाक्यावर धरलं. पूर्ण वेल्डिंग करायच्या आधी बेलो न बसवता ॲक्सल जॅकनं वर-खाली करून बघितला. कुठं अडतंय का, ब्रेकचा होज ताणतोय का, शाफ्टची स्लीव्ह आत जायला जागा आहे का. पॅनहार्डचा बोल्ट क्राऊनच्या कव्हरला घासत होता, तो टाका तोडून परत मारला. मग बुश काढून फुल वेल्डिंग. बुश ठेवून वेल्डिंग केलं तर रबर जळतं. आणि हे वेल्डिंग रात्री करावं लागलं. पावसानं खंड दिला होता, दिवसा आजूबाजूचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि टाका वरवरचा बसायचा.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा पोळा नुकताच झाला होता. बगीच्याच्या मधल्या वाटेवर सरळ तीनशे मीटर जागा मिळते. दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या पुढं गेलो आणि सीटखाली कुणी खलबत्ता घेऊन बसल्यासारखी थरथर सुरू झाली. ब्रेक मारला तर मागची चाकं जाग्यावर उड्या मारायला लागली, धाड धाड धाड. हौद्यात बसलेला पुतण्या उतरून म्हणाला, "काका, मी पायी येतो."

थरथर आधी शोधली. गिअरबॉक्सचा शाफ्ट ३ अंश खाली बघतो. टेलपिनियननं, म्हणजे हाउसिंगमध्ये ताकद आत घेणाऱ्या दांड्यानं, तेवढंच वर बघायला हवं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांचे, दोन्ही क्रॉसचे, कोन एकमेकांना मारून टाकतात. ताकद लागली की पिनियनचं नाक थोडं वर येतं म्हणून एक अंश कमी ठेवायचा, २ अंश. मी अगदी २ च लावले होते, डिजिटल कोनमापक ठेवून. मग परत मोजले तर पिनियन ११ अंश वर बघतंय! कोनमापक बिघडलं असं वाटलं. बॅटरी बदलली, फोनवर ताडून बघितलं. तेच.

रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. कोन लावला तेव्हा हवा नव्हती. चॅसी ठोकळ्यांवर, ॲक्सल पूर्ण वर, म्हणजे भिंतीवरचा ५७० चा आकडा. चालवतो मात्र ६८० वर. खालची दांडी लांब, वरची आखूड आणि तिरकी, दोघींच्या कमानी वेगळ्या. या प्रवासात हाउसिंग आपल्याच अंगानं नऊएक अंश फिरलं होतं. गाडी उभी असताना मी लावलेला कोन बरोबरच होता. उभ्या गाडीपुरता.

दुसऱ्या दिवशी आधी बेलोत हवा भरली, हौदा टेपनं मोजून बरोबर ६८० वर आणला, आणि मगच कोनमापक हातात घेतलं. वरच्या दांडीचा एक फेरा म्हणजे ३ मिलीमीटर, म्हणजे पिनियनला पाऊण अंशाहून जरा जास्त. फिरवत गेलो तर आटे संपले, पाइप कापून आखूड करावा लागला. काकांकडं परत गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त हसले.

मग चाकांच्या उड्या. त्यासाठी कोब्यावरचं चित्र पुन्हा बघितलं. वरच्या दांडीचं पुढचं टोक मी फार खाली धरलं होतं, मागच्या टोकापेक्षा ११० मिलीमीटर खाली. त्यामुळे इन्स्टंट सेंटर ॲक्सलच्या पुढं जेमतेम पावणेनऊशे मिलीमीटरवर. अँटी स्क्वॉट १३० च्या घरात. ओढ जोरदार बसत होती, पण बिंदू इतका जवळ असला की ब्रेकच्या वेळी तोच हिशेब उलटा चालतो, दांड्या चाकालाच वर ओढतात, चाक सुटतं, परत आपटतं, परत सुटतं. पुढचं टोक दोन भोकं वर घेतलं. फरक ६० मिलीमीटरवर आला, बिंदू १६०० वर गेला. पुढच्या ॲक्सलवर रेघेची उंची ४७२, आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य मी धरला होता ६७० च्या आसपास. म्हणजे ७० टक्के. गाडी उचलताना किंचित बसते आता, बसू दे. आणि वर फायदा असा की हवा सोडताना पिनियन पूर्वी नऊ अंश फिरत होतं ते आता पाचच. चिखलासाठी वर उचलली तर उलट दिशेनं दोन.

उड्या थांबल्या. पण रिकाम्या गाडीत ब्रेक मारला की मागची चाकं अजूनही जाम होऊन घसरत होती, संत्र्याच्या आळ्यात जवळजवळ शिरलोच एकदा. दोन दिवस मी दांड्यांवरच संशय घेत बसलो. शेवटी खाली झोपून बघताना मिस्त्रींनी चॅसीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हकडं बोट केलं. "ह्याची दांडी कुठं बांधली तुमी?" तो एलएसपीव्ही, म्हणजे वजन बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. मूळ गाडीत ॲक्सल चॅसीच्या जवळ आला की तो समजतो माल भरला, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. मी गाडीच बसवून टाकली, तेव्हा त्या बिचाऱ्याला गाडी कायमची भरलेली वाटत होती. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवली, रिकाम्या गाडीत चाकं जाम होणार नाहीत अशी. पण हवेच्या गाडीत उंचीवरून वजन कळतच नाही, हे त्याचं दुखणं राहणारच. आठशे किलो भरल्यावर मागचा ब्रेक थोडा कमी लागतो. म्हणून भरली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवायची, असा नियम केला.

हवेचं गणित त्यामानानं सोपं. माझ्या बेलोचं दाबाला तोंड देणारं क्षेत्र २०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. रिकाम्या गाडीत एका बाजूवर अडीचशे किलो येतात, तेव्हा १८ पौंड हवा पुरते. चाळीस कॅरेट भरले की तीच बाजू सातशेवर जाते, तेव्हा ५० पौंड. दोन्ही बेलोंच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या. एकच नळी टाकली तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडं पळते आणि गाडी अजूनच कलते. हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं, याचा मला अजूनही अभिमान आहे.

तोडीच्या पहिल्या दिवशी झाडाखाली गाडी लावून हवा सोडली. फुस्स करून हौदा खाली बसला तशा बाया मागं सरकल्या. एकीनं वाकून चाकाकडं बघितलं, "पंचर झाली काय वो भाऊ?" मग फाळका पाडून दोघींनी पहिलं कॅरेट ठेवलं, दुसरं ठेवलं. तासाभरानं तीच बाई म्हणाली, "अजून चार बोटं बसव ना भाऊ." चार बोटं बसवायला चॅसीत नॉच अजून खोल मारावा लागेल. ते मी तिला सांगितलं नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डाव्या बेलोची हवा रात्रीतून उतरते. साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासले, व्हॉल्व्ह बदलला, एकही बुडबुडा नाही. तरी सकाळी शेड उघडली की गाडी डाव्या अंगावर झोपलेली असते आणि मोठेबाबा चहाचा कप घेऊन तिच्याकडं बघत उभे असतात.